खाटेच्या पायथ्याचा तक्ता

रुग्णाची प्रकृती ढासळण्याआधीच तिची सूचना गणकयंत्राने द्यावी, ही आजची योजना कितीही अपूर्व भासली, तरी तिचे मूळ शोधू जाता लाइपझिगच्या रुग्णालयात कार्ल वुंडरलिख या प्राध्यापकाच्या दप्तरापाशी येऊन थांबावे लागते. फूटभर लांबीचा तापमापक पंधरा-वीस मिनिटे काखेत धरावा लागण्याच्या त्या काळी सुमारे 25,000 रुग्णांच्या नोंदी धुंडाळून त्याने 1868 साली आपला ग्रंथ प्रसिद्ध केला, आणि प्रत्येक व्याधीतील ज्वराला स्वतःचे असे वळण असते, हे दाखवून दिले. विषमज्वराच्या रोग्याचा ताप एकाएकी उतरला की घरची माणसे निश्चिंत होत. परंतु तापाची रेषा खाली येत असता नाडीची रेषा वर चढू लागली, तर हा उतार आरोग्याचा नसून आतड्यातील रक्तस्रावाचा किंवा छिद्राचा असावा, हे जाणत्या डॉक्टरला तक्ताच सांगे.

पुढे तक्ते इमानेइतबारे भरले गेले. वाचले मात्र तितक्या निष्ठेने गेले नाहीत. मायामीत हृदयक्रिया बंद पडलेल्या 64 रुग्णांची कागदपत्रे तपासली असता, त्यांपैकी 84 टक्क्यांच्या बाबतीत आधीच्या 8 तासांत बिघाडाची नोंद आढळली, असे 1990 साली प्रसिद्ध झाले. खबर दप्तरी दाखल होती. तिची दखल तेवढी कोणी घेतली नव्हती.

1997 साली इंग्लंडमधील ग्रेट यारमथ येथील डॉक्टरांनी नाडी, श्वास, रक्तदाब, तापमान आणि शुद्ध यांना 0 ते 3 गुण देऊन बेरीज करण्याची रीत मांडली. तिचे खरे मोल, माझ्या मते, वैद्यकीय असण्यापेक्षा दरबारी अधिक आहे: ‘रुग्ण बरा दिसत नाही’ एवढ्या शब्दांवर मध्यरात्री वरिष्ठांना उठविण्यास कचरणाऱ्या कनिष्ठ परिचारिकेच्या हाती या बेरजेने जणू परवानाच दिला. 2012 साली लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सने अशीच गुणपद्धती देशभरासाठी ठरविली. 7 गुण झाले की तातडीचे बोलावणे. तथापि परवाना मिळाला म्हणजे तो वापरला जातोच असे नव्हे. ऑस्ट्रेलियातील 23 रुग्णालयांच्या, 2005 साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात, धोक्याची लक्षणे नोंदवूनही तातडीच्या पथकास पुष्कळदा बोलावलेच गेले नव्हते.

आता बेरीज यंत्राकडे गेली आहे. मिशिगन विद्यापीठाच्या रुग्णालयांतील जंतुदोषाच्या (सेप्सिसच्या) इशारायंत्राची 2021 साली प्रसिद्ध झालेली तपासणी सांगते, की दाखल झालेल्यांपैकी 18 टक्क्यांसाठी घंटा वाजवूनही सेप्सिसचे 67 टक्के रुग्ण त्याच्या नजरेतून निसटले होते.