काटकसरी दृष्टीचा इतिहास

डोळ्यांनीं जग दिसतें, हें लहान मूलहि सांगेल. पण डोळा मेंदूस नेमकें काय कळवितो, याचा उलगडा होण्यास विसावें शतक उजाडावें लागलें. केंब्रिज येथें १९२६ सालीं एड्रियन व झॉटरमन यांनीं एकेका मज्जातंतूंतील विद्युत्स्पंद टिपून दाखविलें कीं, स्पंद सारे सारख्याच आकाराचे. उत्तेजन वाढलें म्हणजे स्पंद मोठा होत नाहीं, केवळ अधिक वेळां उठतो. पुढें १९३८ सालीं अमेरिकेंत हार्टलाइन यांना बेडकाच्या नेत्रतंतूंत आणखी एक नवल आढळलें. कित्येक तंतु प्रकाश स्थिर असतां मूक राहात. तो लागतांना अथवा मालवतांना मात्र बोलत. बदल तेवढा कळवावा, हा त्यांचा धर्म.

यंत्रदृष्टि मात्र उलट वाटेनें वाढली. साधा कॅमेरा सेकंदास पंचवीस-तीस संपूर्ण चित्रें घेतो. निश्चल भिंतहि प्रत्येक वेळीं नव्यानें मोजली जाते. या उधळपट्टीस उत्तर म्हणून कॅलिफोर्नियांत मिशा महोवाल्ड व त्यांचे गुरु कार्व्हर मीड यांनीं सिलिकॉनचें नेत्रपटल घडविलें. १९९१ सालीं त्याचें वर्णन सर्वसामान्य वाचकांपुढें आलें. महोवाल्ड १९९६ सालीं, अवघ्या ३३ व्या वर्षीं निवर्तल्या. पण बीज रुजलें होतें. झुरिकच्या संशोधकांनीं २००८ सालीं जो कॅमेरा वर्णिला, त्याचा प्रत्येक बिंदु आपल्यावरील प्रकाश बदलला तरच बोलतो. आयबीएमच्या २०१४ सालच्या ट्रूनॉर्थ चिपवर दहा लक्ष कृत्रिम मज्जापेशी होत्या, आणि तिचा खर्च सुमारें ७० मिलिवॉट!

मग अशीं जाळीं सर्वत्र कां नाहींत? अडचण शिकविण्याची आहे. नेहमीच्या जाळ्यांत चूक थोडथोडी मागें पोंचवून सुधारतां येते. स्पंद मात्र एक तर उठतो, नाहीं तर उठत नाहीं. या उडीस उतार नाहीं, आणि उतारावांचून सुधारणेची दिशा कळत नाहीं. म्हणून शिकवितांना उडीच्या जागीं कल्पित उतार धरण्याची युक्ति निघाली. तरीहि चित्रें ओळखण्यांत जुनीं जाळीं बहुधा अधिक अचूक ठरतात. शिवाय साध्या संगणकावर ही काटकसर पुष्कळशी वायांच जाते.

मनुष्याचा मेंदु सुमारें वीस वॉटवर पाहतो, विचार करतो, स्वप्नेंहि रंगवितो. यंत्रांना दृष्टि देण्यासाठीं आपण किती वीज जाळावी, हा प्रश्न अद्याप उभाच आहे. त्याच्या उत्तराचा पहिला धडा बेडकाच्या डोळ्यानें घालून दिला: जें बदललें नाहीं, त्याविषयीं मौन पाळावें.