कावसजीचें नाक

इ. स. १७९४ च्या ऑक्टोबर महिन्यांत लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’ या मासिकांत एक पत्र प्रसिद्ध झालें. पत्राखालीं लेखकाचें पुरें नांव नव्हतें, ‘बी. एल.’ एवढीं दोनच अक्षरें होतीं. सोबत एका माणसाच्या चेहऱ्याचें चित्र छापलें होतें. प्लॅस्टिक सर्जरी या नांवानें जी विद्या पुढें जगभर मान्यता पावली, तिचा युरोपांतील अर्वाचीन इतिहास बहुतेक लेखक या पत्रापासून सुरू करतात. आणि पत्रांतील हकीकत पुण्याची आहे.

कावसजी नांवाचा एक मराठा शेतकरी १७९२ च्या म्हैसूरच्या युद्धांत इंग्रजी फौजेबरोबर बैल हांकण्याच्या कामावर होता. तो टिपूच्या हातीं सांपडला, आणि त्याचें नाक व एक हात कापण्यांत आला. (कावसजी हें नांव ऐकतांच पारशी गृहस्थ डोळ्यांपुढें उभा राहतो. परंतु पत्रांत तो मराठा असल्याचें स्पष्ट म्हटलें आहे. तेव्हां साहेबाच्या कानानें मूळ नांवाचें काय केलें असेल तें असो.) त्या स्थितींत तो श्रीरंगपट्टणजवळ मुंबईच्या फौजेस येऊन मिळाला व पुढें त्याला कंपनीचें पेन्शन मिळालें. मराठींत नाक जाणें म्हणजे अब्रू जाणें. त्या काळीं ती नुसती बोलण्याची रीत नव्हती. वर्षाहून अधिक काळ तो माणूस बिननाकाचा राहिला. नंतर पुण्याजवळ विटा घडविणाऱ्या जातीच्या, म्हणजे आपण ज्यांना कुंभार म्हणूं अशांपैकीं, एका माणसानें त्याला नवें नाक करून दिलें.

ही क्रिया कशी करतात तें पत्रांत पायरीपायरीनें दिलें आहे. प्रथम मेणाचा पातळ पत्रा नाकाच्या खुंटावर बसवून त्याला नाकाचा आकार द्यावयाचा. मग तो सपाट करून कपाळावर ठेवावयाचा व त्याच्या कडेनें रेघ ओढावयाची. तेवढी कातडी सोडवून घ्यावयाची. मात्र दोन डोळ्यांच्या मध्यें तिची एक चिंचोळी पट्टी तोडावयाची नाहीं. या पट्टीवाटे रक्त वाहत राहतें, म्हणून सोडविलेली कातडी मरत नाहीं. सारी मख्खी येथें आहे. त्यानंतर खुंटावरील जुना व्रण खरवडून ताजा करावयाचा, कपाळाची कातडी अर्धा वळसा देऊन खालीं आणावयाची व तिची कड नाकपुड्यांभोंवतीं घेतलेल्या चिरेंत बसवावयाची. सांधा धरून ठेवण्यासाठीं काय, तर कात! आपण विड्यांत खातों तोच कात पाण्यांत कालवून कापडाच्या पट्ट्यांना लावावयाचा आणि अशा पांच-सहा पट्ट्या एकावर एक बसवावयाच्या. चार दिवसांनीं त्या काढून तुपांत भिजविलेलीं फडकीं ठेवावयाचीं. रोग्यानें पांच-सहा दिवस उताणें पडून राहावयाचें. दहाव्या दिवशीं नाकपुड्या मिटूं नयेत म्हणून मऊ कापडाचे बोळे घालावयाचे, आणि सुमारें पंचविसाव्या दिवशीं डोळ्यांमधील ती पट्टी कापावयाची.

नव्या शस्त्रक्रियेची हकीकत या दृष्टीनें हें पत्र तपासून पाहिलें, तर त्याचे गुण प्रथम डोळ्यांत भरतात. वाचणाऱ्या शस्त्रवैद्याला ती कृति स्वतः करून पाहतां येईल इतकी ती स्वच्छ सांगितली आहे. दिवस मोजून दिले आहेत. ही क्रिया पाहिलेल्या मुंबई इलाख्यांतील क्रुसो व फिंडले या दोन डॉक्टरांचीं नांवें दिलीं आहेत. चित्र शस्त्रक्रियेनंतर दहा महिन्यांनीं, १७९४ च्या जानेवारींत काढलेलें आहे, हेंही मुद्दाम सांगितलें आहे. आठव्या दिवशीं सुंदर दिसणारें नाक आठव्या महिन्यांत आकसूं शकतें. म्हणून ही तारीख फार मोलाची.

आतां उणीव पहा. ही क्रिया बहुतकरून यशस्वी होते, असें पत्र सांगतें. परंतु कितींपैकीं किती, हा हिशेब नाहीं. ज्यांचीं नाकें सडलीं, ज्यांना ज्वर येऊन मृत्यु आला, असे कोणी होते कीं नव्हते, याविषयीं एक अक्षर नाहीं. दोघां डॉक्टरांनीं प्रत्यक्ष कावसजीचीच शस्त्रक्रिया पाहिली कीं दुसऱ्या कोणाची, तेंही वाक्यावरून निश्चित होत नाहीं. आणि ज्याच्या हातानें हें सर्व घडलें त्याची जात तेवढी नोंदली आहे; नांव नाहीं. ही शेवटची उणीव नुसत्या कृतघ्नतेची नव्हे. त्या माणसाला शोधून काढून, बाबा रे, तुझ्या हातून आजवर किती नाकें झालीं आणि किती बिघडलीं, असें विचारण्याची वाटच तिनें बुजविली.

युरोपांत ही कला अगदींच अपरिचित होती असें नाहीं. बोलोन्याच्या तालियाकोत्सी यानें दंडाच्या कातडीनें नाक करण्याच्या रीतीवर १५९७ मध्यें मोठा ग्रंथ छापला होता. परंतु मागाहून ती रीत मागें पडली व थट्टेचा विषय झाली. त्यामुळें पुण्याचें पत्र वाचून लगेच कोणी सुरी उचलली नाहीं. लंडनमध्यें शरीरशास्त्र शिकविणाऱ्या जोझेफ कारपूनें मात्र तें मनावर घेतलें. त्यानें प्रेतांवर ती क्रिया करून पाहिली, हिंदुस्थानांतून परत आलेल्या लोकांकडे चौकशी केली. पुण्याच्या दरबारीं रेसिडेंट असलेल्या सर चार्ल्स मॅलेट यांच्याकडूनही माहिती घेतली. पत्र छापल्यापासून वीस वर्षांनीं, २३ ऑक्टोबर १८१४ रोजीं, त्यानें एका लष्करी अधिकाऱ्यावर ही शस्त्रक्रिया केली. यकृताच्या विकारावर दिलेल्या पाऱ्यानें त्या गृहस्थाचें नाक झडलें होतें. भूल देण्याचें औषध तेव्हां नव्हतें. ईथरचा प्रयोग १८४६ मधला. पट्टी सोडली तेव्हां जवळ असलेल्या एका अधिकाऱ्यानें आश्चर्यानें देवाचें नांव घेतलें. दुसरा रोगी पुढल्या वर्षाच्या जानेवारींत झाला आणि १८१६ मध्यें कारपूनें दोन्ही हकीकती चित्रांसह पुस्तकरूपानें प्रसिद्ध केल्या. दोन रोगी म्हणजे कांहीं फार नव्हेत, पण पुस्तकाच्या नांवांतच त्यानें दोन असें सांगून टाकलें. १८१८ मध्यें बर्लिनच्या ग्रेफ याचा ग्रंथ निघाला व ही विद्या युरोपांत रुजली.

एका पत्रावर एवढें कार्य झालें त्याचें एक कारण असें कीं, नाक सर्वांना दिसतें. नव्हतें, तें झालें. यांत वाद उरत नाहीं. परंतु जेथें फळ डोळ्यांना दिसत नाहीं, रोग्याच्या सांगण्यावरच विसंबावें लागतें, तेथें अशी हकीकत किती फसवूं शकते याचें उदाहरण विसाव्या शतकांत घडलें. हृदयाच्या दुखण्यानें छातींत कळ येते, तिच्यावर १९३९ मध्यें इटलींतील फिएस्की यानें उपाय काढला: छातीच्या आंतल्या बाजूच्या दोन रक्तवाहिन्या बांधून टाकावयाच्या, म्हणजे हृदयाला अधिक रक्त मिळेल. १९५० नंतरच्या दशकांत अमेरिकेंत याचा बोलबाला झाला. रोगी आनंदानें सांगत, कळ थांबली. सांगणारे खोटें बोलत नव्हते.

सिएटल येथें कॉब व त्याचे सहकारी यांनीं सतरा रोगी घेतले. सर्वांची त्वचा चिरून रक्तवाहिन्या उघड्या केल्या. मग बंद पाकीट फोडून, त्यांतील चिठ्ठीप्रमाणें आठ जणांच्या बांधल्या आणि नऊ जणांच्या तशाच ठेवून जखम शिवली. पुढें तपासणाऱ्या डॉक्टरालाही कोणाचें काय झालें तें ठाऊक नव्हतें. १९५९ मध्यें निकाल छापला गेला. दोन्ही गटांत पांच-पांच जणांना बराच आराम वाटला होता! पुढल्या वर्षीं कॅन्सस येथील अठरा रोग्यांवरील अशाच प्रयोगानेंही तेंच दाखविलें, आणि ती शस्त्रक्रिया बंद पडली. रोग्याला पुरती कल्पना न देतां त्याची छाती चिरावी काय, हा प्रश्न या प्रयोगानंतर उरतोच, आणि त्यास सोपें उत्तर नाहीं. पण बाकीचे शस्त्रवैद्य हजारोंच्या छाती तर चिरतच होते, आणि तेही कांहीं सिद्ध झालेलें नसतां.

औषधाची गोळी कोणीही दिली तरी तीच असते; शस्त्रक्रियेचें तसें नाहीं. पहिल्या रोग्यावर चालणारा हात आणि पन्नासाव्या रोग्यावर चालणारा हात एक नसतो, व मधल्या काळांत कृतिही बदलते. या अडचणीचा विचार करण्यासाठीं ऑक्सफर्डच्या बॅलिअल कॉलेजांत शस्त्रवैद्य व संशोधक जमले, आणि २००९ मध्यें ‘लॅन्सेट’ साप्ताहिकांत त्यांनीं ‘आयडियल’ नांवाची पद्धति मांडली. पहिला रोगी, मग थोडे रोगी, मग अनेक ठिकाणचे रोगी, मग तुलनेचा प्रयोग, शेवटीं दीर्घकाळची नोंद, अशा तिच्या पायऱ्या आहेत. पहिल्या पायरीपासूनच फसलेला प्रयोगही जाहीर नोंदवावा, आणि कृतींत केलेला प्रत्येक फेरफार व तो कितव्या रोग्यापासून केला तें सांगावें, अशी तिची मागणी आहे. शरीरांत बसवावयाच्या उपकरणांचा वेगळा विचार २०१६ मध्यें तींत जोडण्यांत आला.

दीर्घकाळच्या नोंदीचा पाठ स्वीडननें त्यापूर्वींच घालून दिला होता. १९७९ पासून तेथें खुब्याचा कृत्रिम सांधा बसविलेल्या रोग्यांची देशव्यापी वही ठेवण्यास सुरुवात झाली. सांधा कोणत्या घडणीचा, कोणत्या रुग्णालयांत बसविला, आणि पुन्हां शस्त्रक्रिया करून तो बदलावा लागला असल्यास केव्हां, हें तींत लिहिलें जातें.