गल्लीला जमलं ते घराला का नाही?

मागच्या भागात आपण बिडी वळणाऱ्या बायांचा इतिहास ऐकला, तेव्हा तुमचे फोन थांबत नव्हते. आजच्या भागाला तितके फोन येतील का, शंकाच आहे. आज एचआयव्हीबद्दल बोलायचंय. हे नाव निघालं की आमच्या बचत गटातसुद्धा अजून आवाज खाली येतो, कुणीतरी उठून दार लोटून घेतं. आमच्याकडे पूर्वी त्याला ‘मुंबईचा आजार’ म्हणत. जणू तो एकटाच एसटीत बसून आला आणि स्टँडवर उतरला.

हा आजार कसा होतो ते तुम्ही आशाताईंकडून ऐकलेलं असतं. म्हणून आज ते सोडून इतिहास सांगणार आहोत. कोणी कोणाला काय विचारलं, कोणाला विचारलंच नाही, आणि त्यातून काय शहाणपण आलं, त्याचा इतिहास.

सुरुवात 1986 ची. मद्रासमध्ये, म्हणजे आजच्या चेन्नईत, निर्मला नावाची तरुण विद्यार्थिनी प्रबंध लिहीत होती. तिच्या मार्गदर्शक डॉ. सुनीती सॉलोमन. या माहेरच्या गायतोंडे, आपल्या मराठी घरातल्या. भारतात हा विषाणू आलाय का, हे शोधायचं ठरलं. रक्त कुणाचं घ्यायचं? धंदा करताना पकडून सुधारगृहात ठेवलेल्या बायांचं. निर्मलाने नमुने घेतले, रात्री घरच्या फ्रीजमध्ये ठेवले, आणि वेल्लोरच्या दवाखान्यात नेऊन तपासले. सहा नमुन्यांत विषाणू सापडला. देशाला कळलं ते असं.

काम मोलाचंच होतं, त्यात वाद नाही. पण एक गोष्ट आम्हाला टोचते. आपलं रक्त कशासाठी घेतलं जातंय, हे त्या बायांना सांगितलेलं नव्हतं. निर्मलाबाईंनीच पुढे हे मोकळेपणी सांगितलं. पहिली सुई टोचली ती कोंडलेल्या बाईच्या दंडात. आणि तिथून सगळ्या देशाने समजूत करून घेतली की हा आजार ‘तसल्या’ बायांचा. त्यांच्याकडे जाणारा पुरुष, आणि त्याची घरी बसलेली बायको, दोघंही या चित्रात नव्हतीच.

घरच्या बाईला काही होत असेल का, हे विचारायचं आपल्याकडे कुणाला सुचत नव्हतं. विचारलं ते गडचिरोलीत. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी दोन खेड्यांतल्या 650 बायांची तपासणी केली, ती 1989 साली प्रसिद्ध झाली. शंभरातल्या 92 जणींना अंगावरून जाणं, सूज, गुप्तरोग असं काही ना काही निघालं. आणि त्याआधी कधीतरी आतून तपासणी झालेल्या बाया शंभरात आठ. बाकीच्यांनी ते ‘बाईच्या जातीला असतंच’ म्हणून पोटात ठेवलेलं. ही पाहणी एचआयव्हीची नव्हती. पण गुप्तरोगाने जिथे जखम असते तिथून एचआयव्हीला आत शिरणं सोपं जातं, म्हणून ती इथे आठवायची.

मग पुणे. भोसरीला 1992 मध्ये राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था निघाली. 1993 ते 1996 या काळात पुण्यात गुप्तरोगाच्या दवाखान्यांत आलेल्या बायांची तपासणी तिथल्या संशोधकांनी केली. त्यात 391 बाया अशा होत्या की ज्यांचा धंद्याशी काही संबंध नव्हता. बहुतेक लग्नाच्या, नवऱ्याशिवाय दुसरा पुरुष माहीत नसलेल्या. त्यांच्यात शंभराला साडेतेरा, म्हणजे दर सात जणींत जवळजवळ एकीला, एचआयव्ही निघाला. 1997 मध्ये हे अमेरिकेतल्या मोठ्या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं.

हा आकडा ऐकून घाबरू नका, नीट वाचा. या गावातल्या सगळ्या बायका नव्हत्या, आधीच त्रास होतोय म्हणून दवाखान्यात आलेल्या होत्या. म्हणून ‘महाराष्ट्रातल्या दर सात बायकांत एक’ असं कुणी सांगितलं तर ते खोटं. खरं इतकंच की त्या बायकांची चूक काही नव्हती. त्यांच्या बाबतीत धोका कोणता, तर लग्न. नवऱ्याला गुप्तरोग असला की तिला एचआयव्ही होण्याची शक्यता वाढत होती. आणि त्या वेळच्या भिंतीवरच्या पाट्या काय सांगत होत्या? ‘जोडीदाराशी एकनिष्ठ राहा.’ ती राहिलीच होती की!

आता आपल्या सोलापूरचं बघू. जुनी मिल, विष्णू, लक्ष्मी, नरसिंग गिरजी, एक एक करून गिरण्या बंद पडल्या. गिरणीचा कामगार यंत्रमागावर गेला, नाहीतर पुण्या-मुंबईला. पुण्याहून हैदराबादला जाणारा रस्ता आपल्या अंगणातून जातो, विजापूरचा इथेच फुटतो, त्यामुळे ट्रकवरचे ड्रायव्हर-क्लीनर महिना महिना घराबाहेर. साखर कारखाने तर जिल्ह्यात इतके की ऊसतोडीला बाहेरून कोयते येतात आणि आपल्यातलेही काही जण दुसरीकडे जातात. पोटासाठी घर सोडणाऱ्या माणसाला आम्ही नावं ठेवत नाही. पण घरापासून लांब राहणारा पुरुष आणि त्याची वाट पाहणारी बायको, हे आपल्या जिल्ह्याचं जुनं चित्र आहे, आणि हा आजार त्याच वाटेने घरात आला.

याच काळात धंद्यातल्या बायांनी काय केलं, ते मुद्दाम ऐका. 1992 मध्ये कोलकात्याच्या सोनागाछी वस्तीत डॉ. स्मरजित जाना यांनी काम सुरू केलं. तेव्हा निरोध नियमित वापरणाऱ्या बाया शंभरात जेमतेम तीन होत्या. डॉक्टरांनी पांढऱ्या कोटातली माणसं न पाठवता त्याच वस्तीतल्या बायांना कामाला लावलं. काही वर्षांत चित्र उलटलं, बहुतेक जणी वापरू लागल्या. त्याच वर्षी आपल्या सांगलीत मीना शेषु यांनी ‘संग्राम’चं काम सुरू केलं. तिथेही निरोध वाटणार त्याच बाया, समजावणार त्याच, आणि पोलीस त्रास द्यायला लागले की ठाण्यावर जाणारही त्याच. 1996 मध्ये त्यांची स्वतःची संघटना झाली, वेश्या अन्याय मुक्ती परिषद. सोलापुरातही क्रांती महिला संघ अशाच बायांमधून उभा राहिला. पुढे 2003 पासून ‘आवाहन’ नावाच्या मोठ्या कार्यक्रमाने हीच रीत सहा राज्यांत नेली, त्यात महाराष्ट्र होता.

हे जमलं कशामुळे? निरोध काय असतो हे त्या बायांना आधी माहीत नव्हतं, असं थोडंच आहे! अडचण वेगळी होती. एकटी बाई ‘निरोधशिवाय नाही’ म्हणाली तर गिऱ्हाईक शेजारच्या दारात जायचं, तिची चूल विझायची. पण सगळी गल्लीच ‘नाही’ म्हणाली तर तो जाणार कुठे? माणसाचं वागणं कशाने बदलतं याचा अभ्यास करणाऱ्यांनी यातून मोठा धडा घेतला. बाईला माहिती आहे की नाही, एवढं विचारून भागत नाही. तिला नाही म्हणता येतं का, आणि म्हटलं तर तिच्या मागे कोण उभं राहतं, हेही विचारावं लागतं.

आम्ही गटात यावर बोललो तेव्हा सगळ्या गप्पच झाल्या. कारण घरातल्या बाईला अशी गल्ली नसते. ती नाही म्हणते तेव्हा एकटी असते, रात्री, बंद दाराआड. ‘निरोध वापरा’ म्हटलं तर ‘माझ्यावर संशय घेतेस?’ नाहीतर ‘तूच कुठे गेली होतीस?’ माहेरी सांगावं तर आई म्हणते, नवरा आहे, चालायचंच.

अशा गोष्टी विचारायच्या तरी कशा, हाही प्रश्न संशोधकांना पडला. समोर वही-पेन घेऊन बसलं, दारात सासूबाई उभ्या, तर कोण खरं बोलेल? मग कर्नाटकात एक युक्ती वापरली गेली, मतदानासारखी. दहा-बारा जणांना एकत्र बसवायचं, मध्ये आडोसे लावायचे. प्रश्न मोठ्याने वाचायचा, आणि प्रत्येकाने आपलं उत्तर गुपचूप पेटीत टाकायचं. कुणाचं कोणतं ते कुणालाच कळत नाही, फक्त एकूण किती ते कळतं. तोंडी विचारल्यावर जे दडतं ते पेटीत पडतं.

आम्ही हे करून पाहिलं. पेटी कुठली, माठ घेतला, वर फडकं बांधलं आणि प्रत्येकीच्या हातात एक चिंचोका, एक खडा दिला. प्रश्न एकच: नवऱ्याला नाही म्हणता येतं का? येत असेल तर चिंचोका, नसेल तर खडा. आधी नुसते हात वर करायला सांगितले होते, तेव्हा सगळ्यांनी हसत हसत ‘येतं की’ म्हणून हात वर केले होते. माठ उपडा केला तर खडेच जास्त. त्या दिवशी चहा तसाच राहिला.

आमच्या गटात एक वहिनी आहेत, नाव सांगणार नाही. त्यांचे यजमान बऱ्याच वर्षांपूर्वी गेले. तेव्हा सासरी त्यांचं ताट-वाटी वेगळं केलं, कप वेगळा केला, आणि ‘तूच खाल्लंस त्याला’ असंही ऐकवलं. ताटा-वाटीने हा आजार पसरत नाही, हे तेव्हा त्या घरात सांगणारं कुणी नव्हतं. अशा घरांतल्या पोरांचं काय होतं ते पंढरपूरने पाहिलंय. 2001 मध्ये मंगलताई शहा यांनी आईवडील गेलेल्या, कुणी जवळ न केलेल्या दोन लहान मुलींना घरी आणलं, आणि त्यातून ‘पालवी’ उभी राहिली. आज तिथे एचआयव्ही असलेली मुलं वाढतात, शिकतात.

वहिनी वाचल्या त्या औषधामुळे. 1 एप्रिल 2004 पासून सरकारने एआरटीची औषधं मोफत द्यायला सुरुवात केली. आणि 2011 मध्ये आणखी एक गोष्ट सिद्ध झाली, ती नीट लक्षात ठेवा. नऊ देशांतल्या 1763 जोडप्यांवर अभ्यास झाला, त्यात आपलं पुणंही होतं. दोघांपैकी एकाला एचआयव्ही, दुसऱ्याला नाही, अशी ही जोडपी. ज्यांनी औषध लवकर सुरू केलं त्यांच्याकडून जोडीदाराला लागण होणं 96 टक्क्यांनी कमी झालं. म्हणजे गोळी घेणाऱ्याचा जीव वाचतो आणि समोरच्याचाही. गरोदर बाईला वेळेत औषध मिळालं तर बाळही बहुतेक वेळा सुखरूप राहतं. म्हणून गरोदरपणातली रक्ततपासणी टाळायची नाही, आणि नवऱ्यालाही सोबत न्यायचं.

कायदाही आहे, 2017 चा, 10 सप्टेंबर 2018 पासून लागू. विचारल्याशिवाय एचआयव्हीची तपासणी करता येत नाही, कुणाचा निकाल चारचौघांत सांगता येत नाही, आणि आजारामुळे कामावरून काढता येत नाही. मद्रासच्या त्या सुधारगृहातल्या बायांसाठी बत्तीस वर्षं उशीर झाला. काही विचारायचं असेल तर 1097 हा नंबर मोफत आहे, आणि तिथे नाव सांगावं लागत नाही.

वहिनी रोज रात्री नऊला गोळी घेतात. औषध आणायला पूर्वी एकट्या सोलापूरला जायच्या, घरी सांगायच्या की बँकेत काम आहे. माठाच्या त्या बैठकीनंतर आमच्यातल्या दोघी सोबत जातात. सकाळच्या सातच्या एसटीने निघायचं, केंद्रावर नंबर लावायचा, आणि येताना बाजारातून गटाच्या चटणीसाठी शेंगदाणे घेऊन यायचं.