‘रोड’ नावाची स्टेशने आणि आटपाडीची वाट

आपल्या भागातील जुन्या रेल्वेस्थानकांची नावे पाहिली असता एक गोष्ट सहज ध्यानात येते. सातारा रोड, कुंडल रोड, जत रोड, बार्शी रोड. नावाच्या शेवटी ‘रोड’ आला की समजावे, गाव स्टेशनापासून दूर आहे आणि उरलेली वाट आपली आपण काटायची आहे. आटपाडीच्या वाट्याला तर असे ‘रोड’ नावाचे स्टेशनही आले नाही. म्हणूनच आटपाडीच्या रेल्वेचा इतिहास हा वस्तुतः स्टेशनापर्यंत नेणाऱ्या सडकांचा इतिहास होय.

मुंबईहून निघालेला जी.आय.पी. कंपनीचा लोहमार्ग १८६० साली सोलापूरपर्यंत पोहोचला. पुढे १८७६ ते १८७८ च्या भीषण दुष्काळाने सरकारचे डोळे उघडले. अन्न असूनही ते भुकेल्या मुलखात वेळेवर पोहोचविण्याचे साधन नव्हते. यातूनच १८८२ मध्ये सदर्न मराठा रेल्वे कंपनी स्थापन झाली व पुणे-मिरज हा मीटरगेज मार्ग उभा राहिला. मिरज-कोल्हापूर फाटा १८९१ मध्ये सुरू झाला. परंतु एक मार्ग माणदेशाच्या उत्तरेकडून आणि पूर्वेकडून गेला, दुसरा पश्चिमेकडून. दुष्काळाने सर्वाधिक पोळलेला माणदेश मात्र मध्येच कोरडा राहिला.

ही उणीव थोडीफार भरून काढली ती एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज अभियंत्याच्या बार्शी लाइट रेल्वेने. रुळांतील अंतर अवघे अडीच फूट आणि एका आसावर पाच टनांहून अधिक भार नाही, असा हिशेब बांधून त्यांनी हलक्या रुळांवर, कमी खर्चात गाडी चालवून दाखविली. १८९७ मध्ये बार्शी रोड, म्हणजे आजचे कुर्डुवाडी, ते बार्शी हा टप्पा खुला झाला. १९०६ मध्ये ही गाडी पंढरपुरास आली आणि १९२७ मध्ये सांगोला, जत रोड, ढालगाव, कवठेमहांकाळ करीत मिरजेस पोहोचली. सांगोला आपल्यापासून सुमारे तीस-पस्तीस किलोमीटर. तेव्हापासून आटपाडीचे व्यवहारातले स्टेशन सांगोला झाले.

व्यापाऱ्याच्या दृष्टीने याचा अर्थ काय, ते कापडाच्या गाठीवरून समजते. मुंबईच्या पेठेतून निघालेली गाठ मोठ्या गाडीने कुर्डुवाडीस यावयाची, तेथे उतरवून छोट्या गाडीत चढवावयाची आणि सांगोल्यास बिल्टी सोडवून बैलगाडीत भरावयाची. प्रत्येक चढ-उतारीस हमाली, विलंब आणि पावसाची धास्ती. शेवटचा टप्पा सर्वांत लहान, तरी तोच सर्वांत बेभरवशाचा. मुरूम-खडीची पक्की सडक असेल तेथे बैल निर्धास्त चालत; ती संपून काळ्या मातीची वाट लागली की पावसात चाके रुतत. ‘आटपाडी महाल’ या नावाने खिलार गोवंशाचा एक प्रकारच ओळखला जातो. ज्या मुलखाला स्टेशन नाही, त्या मुलखाचा बैल चिवट असावाच लागतो!

स्टेशन जवळ असण्याने काय घडते, याचे उदाहरण आपल्याच जुन्या संस्थानात आहे. आटपाडी आणि कुंडल हे दोन्ही महाल औंध संस्थानाचे. राजा एकच, कायदा एकच. पण कुंडल रोड स्टेशनालगतच्या माळावर १९१० मध्ये लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनी कारखाना उभारला आणि पुढे त्या स्टेशनाचे नावही किर्लोस्करवाडी झाले. बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी आटपाडीची उपेक्षा केली असे नव्हे. १९३९ मधील स्वतंत्रपूरचा खुल्या तुरुंगाचा उदात्त प्रयोग आटपाडीच्याच भूमीवर झाला. परंतु लोखंड, कोळसा आणि यंत्रे यांना रूळ लागतात. ते राजाच्या सदिच्छेने येत नाहीत.

स्वातंत्र्यानंतर चित्र पालटले. १९४८ पासून एस.टी. धावू लागली, सडकांवर डांबर आले आणि मालमोटार थेट दुकानाच्या दाराशी उभी राहू लागली. बार्शी लाइट १९५४ मध्ये सरकारी मालकीची झाली. पुणे-मिरज मार्ग १९७१ मध्ये रुंद झाला. छोटी गाडी मात्र मागे पडत गेली. याच काळात पाण्याअभावी आपल्या भागातील हजारो तरुण गलाईच्या व्यवसायासाठी देशभर पांगले. जी वाट माल आणण्यासाठी होती, ती माणसे नेणारी ठरली.

पुढे पंढरपूर-मिरज मार्गही रुंद झाला आणि २८ डिसेंबर २०२० रोजी देशातील शंभरावी किसान रेल्वे सांगोल्याहून पश्चिम बंगालमधील शालिमारकडे निघाली. ज्या स्टेशनावर आपण बाहेरचा माल उतरवून घेत होतो, तेथूनच माणदेशाचे डाळिंब दूरदेशी रवाना झाले, ही गोष्ट लहान नव्हे.

सुज्ञ वाचकांस एकच विनंती. आटपाडीस स्टेशन नव्हते, म्हणून तिच्या वाहतुकीची नोंद रेल्वेच्या दप्तरात फारशी सापडणार नाही. ती आहे आपल्या पेढ्यांच्या जुन्या खतावण्यांत, बिल्ट्यांत आणि हुंडेकऱ्यांच्या पावत्यांत. कोणत्या साली गाडीभाडे किती होते, कोणता रस्ता पावसाळ्यात बंद होई, हे तेथेच लिहिलेले आहे. दर दिवाळीच्या साफसफाईत यांतील काही कागद रद्दीत जातात. ते जाण्यापूर्वी एकवार उघडून पाहावेत आणि जपून ठेवावेत. आपल्या गावाचे स्टेशन, म्हटले तर, त्या वह्यांतच आहे.