लगाम : जमिनीतला आणि कोशातला

गोंदियात एका वरातीत बँडच्या आवाजाने नवरदेवाची घोडी बिथरली. घोडेवाल्याने लगाम हिसकला, तसा तिच्या तोंडचा फेस तांबडा झाला. जवळ जाऊन पाहिले, तर लगामाच्या लोखंडाला टोके काढलेली होती. "जोरकस जनावर आहे सर, साध्या लगामाला ऐकत नाही," असे उत्तर मिळाले. हे उत्तर किती जुने आहे, याचा शोध घेण्याचा मोह आम्हांला आवरला नाही.

घोड्याच्या जबड्यात पुढचे दात आणि दाढा यांच्यामध्ये मोकळी जागा असते. लगामाचे लोखंड तेथे बसते. खाली हाड आणि त्यावर नुसती पातळ त्वचा. दांडी बारीक असेल तर ती बोचते. जाड, गुळगुळीत असेल तर साधारणपणे सौम्य ठरते. बाजूंना लांब दांडे आणि हनुवटीखाली साखळी असली, की तरफेच्या न्यायाने हाताचा जोर कित्येक पटींनी वाढतो. दरेकशाच्या डोंगरउतारावर मात्र घोड्याला तोल सांभाळण्यासाठी मान लांबवावी लागते; तेथे असा लगाम ताणून धरणारा स्वार स्वतःचाच घात करून घेतो.

विदर्भात लगामाचा पुरावा फार मागे जातो. नागपूरजवळच्या माहुरझरी येथे शां. भा. देव यांनी १९७० ते ७२ या काळात शिलावर्तुळांचे उत्खनन केले. मृतांसोबत घोड्यांचे अवशेष, तांब्याच्या पत्र्याचे शिरोभूषण आणि लोखंडी लगाम मिळाले. जुनापाणीतही लगाम सापडले. ही संस्कृती इसवी सनापूर्वी सातव्या-सहाव्या शतकाच्या आसपासची. मृताबरोबर लगाम पुरणाऱ्या समाजात तो केवळ उपयोगाची वस्तू नव्हता, हे उघड आहे.

आता आम्हां भाषेच्या माणसांची अडचण अशी, की या वस्तूसाठी आपल्याजवळचा शब्द उसना. 'लगाम' फारसी. संस्कृतात जावे, तर अमरकोशातला 'खलीन' हा ग्रीक शब्दावरून आला, असे अनेक अभ्यासक मानतात. माहुरझरीच्या लोहाराने आपल्या वस्तूला काय म्हटले असेल? लोखंड उरले, शब्द गेला.

ग्रीकांचेही ऐकू. अलेक्झांडरच्या आरमाराचा प्रमुख नेआर्कस याच्या आधारे आरियन लिहितो, की भारतीय लोक घोड्याच्या तोंडाभोवती कच्च्या चामड्याचा पट्टा शिवत आणि त्याला आतल्या बाजूने काटे लावत. ते फार तीक्ष्ण नसत. हे वाचून परकीयाच्या नजरेला नावे ठेवण्याची घाई आम्ही केली होती. पण त्याच्याही आधी झेनोफोनने अश्वारोहणावरील ग्रंथात दोन लगाम बाळगायला सांगितले आहेत, आणि त्यांतला एक काटेरीच! त्याचा युक्तिवाद असा, की खरखरीत लगामाची ओळख झालेला घोडा गुळगुळीत लगाम आनंदाने स्वीकारतो. मात्र बळजबरीने करवून घेतलेल्या हालचालीत सौंदर्य नसते, असेही तोच म्हणतो. हा अंतर्विरोध झेनोफोनला जाणवला होता की नाही, कोण जाणे.

नागपूरकर भोसल्यांचे बारगीर १७४२ पासून बंगालवर चालून गेले. तिकडे ते 'बर्गी' म्हणून भाषेत रुतून बसले. आमच्या इतिहासलेखनाने त्यांची चौथाई मोजली, घोड्यांच्या तोंडात काय होते ते क्वचितच पाहिले. असो.

ओझ्याच्या व ओढकामाच्या जनावरांसाठी १९६५ साली झालेल्या केंद्रीय नियमांनी काटेरी लगामाला मनाई केली आहे. आम्ही घोडेवाल्याला ते सांगितले. त्याने लगाम बदलला नाही. मांडव येईपर्यंत हात मात्र सैल ठेवला.