बंदुकीपासून दुर्बिणीपर्यंत

हैदराबाद संस्थानातील पक्ष्यांची पद्धतशीर पाहणी सलीम अली यांनी १९३१-३२ मध्ये केली. मराठवाड्याचे पाच जिल्हेही त्या वेळी याच संस्थानात होते. तेव्हा अभ्यासासाठी पक्षी बंदुकीने टिपले जात आणि निष्कर्ष इंग्रजी नियतकालिकात छापले जात. सामान्य जन या विद्येपासून दूरच राहिले.

१९८० साली शहरात 'बर्डवॉचर्स सोसायटी ऑफ आंध्र प्रदेश' स्थापन झाली. जाणकारांसमवेत तलावाकाठी हिंडून चोच, चाल व स्वर यांवरून पक्षी ओळखण्याचा मार्ग हौशी मंडळींना खुला झाला. 'डेक्कन बर्डर्स' या नावाने ही परंपरा पुढे चालू राहिली.

मात्र इंग्रजी नावे शिकणाऱ्या येथील मराठी मुलांना आजीच्या तोंडचे टिटवी, खंड्या, भारद्वाज परके वाटू नयेत. ती नावे जपणे, हे मराठी ग्रंथालयाचेच कार्य होय.