काडेपेटीतील मोटार

इतिहास म्हटला की तह, लढाया आणि राजवंश आपल्या डोळ्यांपुढे उभे राहतात. पोराच्या खिशात मावणाऱ्या मोटारीलाही इतिहास असतो, असे म्हटले तर पुष्कळांना ती थट्टा वाटेल. परंतु जिने लक्षावधी मुलांना रमविले, ती वस्तू इतिहासकाराने उपेक्षावी इतकी क्षुद्र आम्हांला वाटत नाही.

या मोटारी ओतीव कामाच्या. जस्तात थोडे ॲल्युमिनियम, तांबे व मॅग्नेशियम मिसळून तो रस दाबाने पोलादी साच्यात सोडायचा, की मोटारीचा सांगाडा तयार! साचा महाग, पण एकाच साच्यातून हजारो नग निघत, म्हणून खेळणे स्वस्त झाले. लिव्हरपूलच्या फ्रँक हॉर्नबी यांच्या मेकॅनो कंपनीने १९३४ साली ‘डिंकी टॉइज’ हे नाव रूढ केले. पुढे डिंकीचे काही साचे कलकत्त्यास आले व त्यांतून ‘निकी’ नावाने मोटारी निघाल्या.

१९४७ मध्ये लेस्ली स्मिथ व रॉडनी स्मिथ या मित्रांनी लंडनला ‘लेस्नी’ कंपनी काढली. आडनाव एक, नाते मात्र नव्हे. जॅक ओडेल हा कुशल कारागीर त्यांना येऊन मिळाला. त्याच्या मुलीच्या शाळेत काडेपेटीत मावेल एवढेच खेळणे नेता येई. म्हणून त्याने तिला इवलासा रोड रोलर करून दिला, असे सांगतात. १९५३ साली ‘मॅचबॉक्स’ मालिका निघाली. १९६८ मध्ये अमेरिकेच्या मॅटेलने भरधाव धावणारी ‘हॉट व्हील्स’ आणली. लेस्नीनेही चाके बदलली. तरी १९८२ मध्ये तिचे दिवाळे वाजले. डिंकीचा लिव्हरपूलचा कारखाना १९७९ मध्येच बंद पडला होता.

आज या मोटारी प्रौढ माणसे जमवितात. बाजाराचा न्याय मात्र उफराटा! मुलाने प्रेमाने झिजविलेली मोटार कवडीमोल, आणि कुणीही न खेळलेली, खोक्यासकट राहिलेली मोटार मोलाची. पण धातू या न्यायाला जुमानीत नाही. महायुद्धापूर्वीच्या कित्येक नगांच्या जस्तात शिशाची भेसळ राहिली होती. अशी मोटार कपाटात निवांत असली, तरी आतून फुगते, तडकते आणि तिचा भुगा होतो. वस्तू टिकते ती केवळ जपणुकीने नव्हे. घडविणाऱ्याच्या सचोटीचाही त्यात वाटा असतो. म्हणून आम्ही म्हणतो : संग्रह अवश्य करावा, परंतु झिजलेल्या मोटारीलाही त्यात जागा द्यावी. ती कशासाठी घडविली होती, हे तिच्या उडालेल्या रंगावरूनच कळते.